चौदा नंबरच्या खुंटीवरचे बिऱ्हाड

दिलेला शब्द मनुष्याच्या हातून दोन प्रकारांनी मोडतो: कधी आळसाने, तर कधी दयेने. पहिल्यात दोष आहे. दुसऱ्यात, प्रसंग खरा असेल तर, थोडे पुण्यही आहे. परंतु अडचण अशी की, बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, कारण दोन्ही वेळी तोंडून निघणारे वाक्य एकच असते: "आज नाही झालं, उद्या या." आणि त्याहून मोठी अडचण ही की, आपण या दोहोंपैकी कोणत्या काठावर उभे आहोत याचा पत्ता पुष्कळदा खुद्द बोलणाऱ्यालाही नसतो. पुढील हकीकत अशाच एका गृहस्थाची आहे. तो वाईट नव्हता. वाईट असता तर ती सांगण्याचे प्रयोजनच उरले नसते. वाईट माणसांच्या हकीकती आपापल्या पायांनी गावभर फिरत असतात.

हा गृहस्थ व्यवसायाने घड्याळजी. बाजाराच्या मागील गल्लीत त्याचे दुकान होते. रुंदीला एक माणूस आडवा झोपेल एवढे आणि खोलीला फार तर तीन. दाराशी काचेचे कपाट, त्यामागे कामाचे मेज, मेजावर मान वाकवलेला दिवा, आणि डाव्या भिंतीवर लाकडी खुंट्यांची रांग. खुंट्या वीस, आणि प्रत्येकीखाली पितळेचा आकडा ठोकलेला. वडिलांपासून चालत आलेला दंडक असा की, भिंतीवरचे जे घड्याळ दुरुस्तीस येईल त्याला एक खुंटी मिळे, आणि मालकाच्या हाती परत जाईपर्यंत ती खुंटी त्याचीच राही. दुरुस्त झालेले घड्याळदेखील तत्काळ द्यायचे नाही. पुढची काच न बसवता ते आपल्या खुंटीवर एक रात्र चालवायचे, सकाळी काटे मागेपुढे झाले असतील तर बोटाने सारखे करायचे, आणि मगच काच बसवायची. "जिथे आजारी म्हणून टांगलं, तिथेच ते बरं झालेलं दिसलं पाहिजे," असे वडील म्हणत.

घड्याळजीचा हात असा की, केसाएवढी बारीक स्प्रिंग त्याच्या चिमट्यात नुसते बोलावल्यासारखी येऊन बसे. उणीव एकच होती. "कधी मिळेल?" असे कोणी विचारले की त्याच्या तोंडून "गुरुवारी" असे आपोआप निघे. कोणत्या गुरुवारी, हे मात्र त्याने आजवर कोणास सांगितले नव्हते. समोरच्या शिंप्याने त्याचे नावच गुरुवार ठेवले होते.

"काय गुरुवारशेठ, आज वार कोणता?" शिंपी यंत्रावरून मान वर न करता विचारी.

"सोमवार."

"म्हणजे अजून दोन-तीन महिने आहेत तर."

चौदा नंबरच्या खुंटीवर, खिडकीला लागून, बाईंचे घड्याळ होते. या बाई गावच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अर्ध्या गावाचे कान त्यांच्या चिमटीतून गेलेले. त्यांत घड्याळजीचेही दोन होते. घड्याळ लंबकाचे आणि टोल्यांचे. टोल्यांची स्प्रिंग तुटली म्हणून ते आले, आणि येऊन अकरा महिने झाले. पहिल्याच आठवड्यात घड्याळजीने पुढची काच उतरवून ठेवली होती. काम सुरू झाल्याची तेवढी एकच खूण होती.

पाच महिन्यांपूर्वी एका सकाळी त्याचे लक्ष तबकडीकडे गेले. चावी घालण्याची दोन छिद्रे तबकडीवर असतात: एक काट्यांचे, एक टोल्यांचे. टोल्यांच्या छिद्रातून करंगळीच्या पेराएवढी एक काळसर नळी बाहेर आलेली होती, तुतारीच्या तोंडासारखी किंचित फाकलेली. त्या तोंडाशी काळ्या तिळाला पंख फुटावेत अशा माश्या पहारा देत बसल्या होत्या. त्या पोया होत्या. मधमाश्यांच्या कुळात हे घराणे सर्वांत लहान आणि सर्वांत सोशीक. यांना नांगी नसते. झाडाची ढोली, भिंतीची फट, जुने कुलूप, जिथे कोणी फार दिवस हात लावत नाही अशी जागा त्या बरोबर हेरतात. त्यांनी सारा बाजार पाहून घड्याळजीच्या दुकानाची निवड केली, यात त्यांच्या निरीक्षणशक्तीचे कौतुकच करावयास हवे.

घड्याळजीला राग आला नाही. उलट त्याच्या मनावरचे एक ओझे उतरले. सहा महिने जे घड्याळ तो केवळ हात होत नाही म्हणून उघडत नव्हता, ते आता उघडणे हे पापच ठरत होते.

"जीव आहेत हो त्यात," तो शिंप्याला म्हणाला. "कोणाचं बिऱ्हाड मोडायचं म्हणजे..."

"खरंय," शिंपी म्हणाला. "तुझ्यासारखा दयाळू माणूस नाही. माझ्या मेव्हण्याच्या मनगटी घड्याळात पण कोणी बाळंत झालंय का बघ, तेही वर्षभर पडलंय."

बाईंना मात्र त्याने माश्यांविषयी एक अक्षरही सांगितले नाही. त्यांना तो सांगे की एक भाग यायचा आहे.

एका बुधवारी सकाळी काठीचा आवाज गल्लीतून वर चढत आला. बाई दाराशी थांबल्या. दोन वर्षांपासून त्यांच्या डोळ्यांना उजेड आणि अंधार याखेरीज काही दिसत नव्हते. परंतु पाठीचा कणा अजून फळ्यापुढे उभे असल्यासारखा ताठ होता.

"अरे, आहेस का?"

"या, या बाई. स्टूल डावीकडे आहे."

"स्टूल कुठे आहे ते मला ठाऊक आहे. अकरा महिन्यांत तुझ्या दुकानात जागच्या जागी सापडलेली ती एकच वस्तू. माझं घड्याळ?"

"एक भाग यायचाय, बाई. तो आला की गुरुवारी..."

"शाळेत तुझी गृहपाठाची वही नेहमी मामाकडे राहिलेली असायची. आता भाग यायचा असतो. मामा बरा आहे ना?"

"मला मामा नाही, बाई."

"ते मला तेव्हाही माहीत होतं."

शिंप्याचे यंत्र समोर एकदम थांबले. बाई स्टुलावर बसल्या आणि त्यांचा आवाज खाली आला.

"हे बघ, उजाडलं की मला कळतं, मावळलं की कळतं. मधला सगळा दिवस नुसता पांढरा असतो. टोले पडायचे तेव्हा त्या पांढऱ्यात मला पाय ठेवायला पायऱ्या होत्या. आता शेजारच्या सुनेला विचारावं लागतं. पहिल्या महिन्यात ती म्हणायची, 'चार वाजले हं, बाई.' मग नुसतं 'चार' म्हणायला लागली. परवा तिने आधी उसासा टाकला आणि मग चार सांगितले. तिची चूक नाही, तिला घर आहे, पोरं आहेत. पण त्या उसाशानंतर मी विचारणं सोडलंय. काल दुपारचं औषध मी दिवेलागणीला घेतलं."

घड्याळजीच्या हातातील चिमटा मेजावर पडला. त्याने आजवर घड्याळे उशिरा दिली होती. त्या उशिरात कोणी माणूस राहात असते, हे त्याला आज प्रथम दिसले.

"रविवारी देतो, बाई," तो म्हणाला. "सकाळी दहाला. शब्द देतो."

"रविवार? हा नवाच वार काढलास." बाई उठल्या आणि भिंतीकडे कान करून उभ्या राहिल्या. "आणि हे गुणगुणतंय काय?"

"स्प्रिंग, बाई. ताण देऊन ठेवलाय."

"चाळीस वर्षं त्या घड्याळाची स्प्रिंग ऐकली, कधी गुणगुणली नाही."

"ही नवी आहे. नव्या गुणगुणतात."

एवढे बोलून झाल्यावर, आपण शब्द देऊन अर्धे मिनिटही झाले नाही तोच खोटे बोललो, हे त्याच्या ध्यानात आले. परंतु तोवर काठी गल्लीच्या वळणाला पोहोचली होती.

त्याच दुपारी तो आत्याकडे गेला. वडिलांची ही धाकटी बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहात असे आणि पोया पाळत असे. तिच्या ओसरीच्या छपराला बांबूची पेरे टांगलेली, कोनाड्यांत मातीने तोंड लिंपलेली मडकी, आणि कठड्यावर जाड्या पुस्तकाएवढ्या लाकडी पेट्या. प्रत्येकीच्या पुढे तशीच एकेक मेणाची नळी. या माश्यांचा मध वर्षाकाठी वाटीभर निघतो, तोही आंबट. त्यामुळे त्या पाळणारा मनुष्य एक तर वैद्य असतो, किंवा त्याला घरात कोणाची तरी येजा हवी असते.

हकीकत ऐकून आत्या इतकी हसली की तिला खांबाला धरावे लागले.

"घड्याळात? आणि तू पाच महिने बघत बसलास?"

"त्या चावतात का, आत्या?"

"नांगी नाही त्यांना. पण केसांत शिरतात, कानात शिरतात आणि डिंक चिकटवून येतात. बाकी स्वभावाने तुझ्यापेक्षा बऱ्या. हातात घेतलेलं काम पुरं करतात."

"बाईंना रविवारी द्यायचंय ग. शब्द दिलाय."

आत्याने हसू आवरले आणि त्याच्याकडे नीट पाहिले. "शनिवारी सकाळी येते. डोक्याला फडकं बांधून तयार राहा."

शनिवारी आत्या एक रिकामी पेटी काखेत घेऊन आली. घड्याळ खुंटीवरून उतरवून मेजावर ठेवले, आणि यंत्र बाहेर काढताच घड्याळजी क्षणभर स्वतःचे काम विसरला. दंतचक्रांच्या मधोमध पिलाव्याचा, म्हणजे अंड्या-अळ्यांच्या घरट्याचा, घोस होता, मोहरीएवढ्या फिकट कुप्या एकीवर एक रचलेल्या. त्याभोवती मेणाचे पातळ पडदे. आणि टोल्यांच्या तारेच्या वेटोळ्यावर, जिथून नाद निघायचा तिथे, मधाची इवली मडकी ओळीने मांडून ठेवलेली. माश्यांनी नादाच्या जागी कोठार केले होते.

माश्या तत्काळ त्याच्या भुवयांत शिरल्या. शिंपी मदतीला म्हणून आला आणि दाढी झाडत परत गेला. आत्याच्या केसांत तर पाऊणशे असतील, पण तिने मान देखील हलवली नाही. लाकडी चमच्याने तिने घोस अलगद उचलून पेटीत ठेवला, फुगीर पोटाची राणी त्यामागोमाग सोडली, न फुटलेली मडकी कडेने लावली आणि फुटलेल्यांतला मध वाटीत निथळला. शेवटी तबकडीवरची नळी नखाने सोडवून पेटीच्या भोकावर चिकटवली.

"आता ऐक," ती म्हणाली. "ही पेटी चौदा नंबरच्याच खुंटीला टांग, त्याच उंचीला. रानात गेलेल्या माशीला घराचं रूप कळत नाही, जागा कळते. दोन हात जरी सरकवलीस तरी ती जुन्या जागीच येणार. आठ दिवस पेटीला हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं, आत्या."

"काय कळलं?"

"पेटीला हात लावायचा नाही."

"उद्या सकाळी येऊन बघते," असे म्हणून आत्या गेली.

मग घड्याळजी कामाला बसला. दंतचक्रे घासलेटात बुडवून त्याने मेण काढले, तारेचे वेटोळे पुसले, नवी स्प्रिंग बसवली. जेवायला तो घरी गेला नाही. दिवेलागणीच्या सुमारास त्याने काटे फिरवून पाहिले. घड्याळाने सहा टोले दिले आणि ते इतके स्वच्छ होते की शिंप्याने दारात येऊन हात जोडले. आयुष्यात प्रथमच एक काम मुदतीच्या आदल्या दिवशी पुरे झाले होते.

त्या आनंदात त्याच्या हातांनी तेच केले जे ते तीस वर्षे करत आले होते. दुरुस्त झालेले घड्याळ. म्हणजे एक रात्र आपल्या खुंटीवर. घड्याळ चौदा नंबरचे. म्हणजे खुंटी चौदा. माश्या परतून आत निजल्या होत्या. त्याने पेटी हळूच उतरवली, जणू झोपलेले मूल, मेजावर ठेवली, आणि तिच्या जागी घड्याळ टांगले. हात लावायचा नाही हे त्याला आठवले नाही असे नव्हे; परंतु खुंटीचा दंडक त्याच्या हाडांत होता आणि आत्याचे सांगणे फक्त कानांत. कान आणि हाड यांच्यात हाडाचाच जय होतो.

रविवारी साडेनऊला आत्या आली आणि दारातच थबकली.

उजाडताच माश्या मेजावरच्या पेटीतून निघून खिडकीने बाहेर गेल्या होत्या, आणि आता पायांना पराग आणि डिंक लावून परतत होत्या. मेजाकडे एकही जात नव्हती. साऱ्या चौदा नंबरच्या खुंटीवर, काच नसलेल्या त्या तबकडीवर येऊन टोल्यांच्या छिद्रातून आत शिरत होत्या. लंबक मात्र इमानाने हलत होता.

"अरे माझ्या कर्मा!" आत्या म्हणाली. "काय सांगितलं होतं तुला?"

"खुंटी त्याची होती ग, आत्या," घड्याळजी कसाबसा म्हणाला.

"कोणाची?"

"घड्याळाची."

आत्याने कपाळावर हात मारून घेतला. मग तिने भराभरा सांगितले. घड्याळ उतरवून उघडे ठेवायचे, पेटी तिथे टांगायची. बाहेरच्या माश्या पेटीत जातील. परंतु घड्याळात शिरलेल्या आता घाबरून चक्रांच्या फटींत दडून बसतील. त्या आपणहून बाहेर यायला संध्याकाळ होईल. आताच झाडायला गेले तर चेंगरून मरतील, पाचशेच्या आसपास तरी. "तेव्हा तुझ्या बाईंना सांग, आज नाही, उद्या या."

घड्याळजीने आत्याकडे पाहिले. तेच वाक्य. अकरा महिने जे तो खोटे म्हणत आला, ते आज पहिल्यांदा खरे होते, आणि आजच ते त्याच्या तोंडातून निघेना.

तेवढ्यात काठी आली.

"दहा वाजतच आले असतील," बाई दारातून म्हणाल्या. "चालतंय ते! लंबक ऐकू येतोय मला." त्यांचा चेहरा असा उजळला की घड्याळजीने मान खाली घातली. "थांब, काही बोलू नकोस. दहा ऐकू दे."

त्या बरोबर घड्याळाखाली जाऊन उभ्या राहिल्या. कोणी काही करण्याच्या आत घड्याळाने घसा खाकरला आणि पहिला टोला पडला. त्या हादऱ्याने छिद्रातून मूठभर माश्या राखेसारख्या बाहेर उडाल्या. दुसऱ्या टोल्याला दुसरी मूठ. बाई बोटांवर मोजत होत्या आणि प्रत्येक टोल्यासरशी त्यांच्या पांढऱ्या अंबाड्यावर तीळ पेरले जात होते. नऊ टोले पडले. दहाव्याला हातोडी उचलली गेली, ताज्या डिंकात अडकली आणि तशीच राहिली.

"नऊच," बाई म्हणाल्या. मग त्यांनी शांतपणे हात वर नेऊन केस चाचपले. "अरे, तुझी नवी स्प्रिंग माझ्या अंबाड्यात शिरलीय."

समोरच्या दुकानात शिंप्याने कापडात तोंड खुपसले. आत्या पदराने बाईंचे कान झाकू लागली. घड्याळजीला दुसरे एखादे खोटे सुचले नाही असे नाही. दोन सुचले होते. त्याने ते दोन्ही गिळले.

"पोया आहेत, बाई. आत बिऱ्हाड केलंय. काल काढलं होतं, घड्याळ पुरं केलं होतं, खरंच केलं होतं. मग मीच पेटी हलवली आणि त्या परत आल्या. आता झाडल्या तर मरतील. संध्याकाळपर्यंत देता येणार नाही."

"माश्या कधी आल्या?"

"पाच महिने झाले."

"घड्याळ कधी दिलं मी?"

"अकरा."

"मग आधीचे सहा महिने त्यात कोण राहात होतं?"

शिंप्याने कापडातून तोंड वर काढले.

"मी, बाई," घड्याळजी म्हणाला.

बाईंनी काठीने स्टूल शोधले, ते मेजाशी ओढले आणि त्या बसल्या.

"माश्यांना संध्याकाळपर्यंत वेळ दिला. त्यांनी कुणाला शब्द दिला नव्हता. तुला मात्र नाही. मी इथून घड्याळ घेऊनच उठणार. घरी बसले काय आणि इथे बसले काय, पांढरं ते पांढरंच. तू तुझं काम कर, मी ऐकते."

"तुमच्या केसांत अजून चार-पाच आहेत हो," आत्या म्हणाली. "काढू का?"

"राहू द्या. पस्तीस वर्षं वर्ग सांभाळलेत, चार माश्यांचं काय!"

तो दिवस त्या दुकानाने कधी पाहिला नव्हता असा गेला. पेटी चौदा नंबरवर चढली, घड्याळ तिच्याखाली उघडे ठेवले, आणि घड्याळजी चिमटा घेऊन बाकीच्या रखडलेल्या घड्याळांना बसला. त्याचा चिमटा थांबला की बाई म्हणत, "काय झालं?" आणि चिमटा पुन्हा चालू लागे. एकदा त्याची नजर नुसतीच खिडकीबाहेर गेली, तर बाई म्हणाल्या, "बाहेर काय आहे?" त्यांना ते कसे कळले हे त्याला अखेरपर्यंत कळले नाही. दुपारी टपाल कचेरीतला कारकून आपले मनगटी घड्याळ विचारायला आला. घड्याळजीच्या जिभेवर "गुरु" एवढे आलेच होते.

"हं?" बाई म्हणाल्या.

"बसा," घड्याळजी म्हणाला. "अर्ध्या तासात देतो."

कारकुनाने बाहेर जाऊन दुकानाची पाटी वाचली आणि मग आत येऊन बसला. त्याच्यामागून ही वार्ता गल्लीभर झाली. चार वाजेपर्यंत शिंप्याच्या मेव्हण्याचे घड्याळ सुटले, औषधवाल्याचे गजराचे सुटले, आणि ज्याच्या मालकालाही विसर पडला होता असे एक तीन नंबरच्या खुंटीवरचे सुटले. आत्याने वाटीतला आंबट मध बोटभर बाईंच्या तळहातावर घातला. बाईंनी तो चाखला, तोंड वाकडे केले आणि पुन्हा हात पुढे केला. मग त्या दोघी घड्याळजीच्या बालपणाविषयी इतके सविस्तर बोलल्या की समोर शिंप्याने दिवसभरात एकही शिवण घातली नाही.

ऊन उतरले तशा माश्या घड्याळाच्या फटींतून एकेक करून निघाल्या. काठावर येत, थोडे चालत, जणू काही विसरले का ते पाहत, आणि वर उडून पेटीच्या नळीत जात. शेवटची गेल्यावर आत्याने आत दिवा धरून पाहिले. "झालं," ती म्हणाली. घड्याळजीने हातोडीचा डिंक पुसला, काच बसवली आणि घड्याळ धोतराच्या जुन्या पानात गुंडाळून उराशी धरले. बाईंनी त्याचा दंड धरला. तो मोठे पाऊल टाकू पाही, त्या त्याला टाकू देत नसत.

बाईंच्या घरी पलंगासमोर खिळा होता तसाच होता. घड्याळजीने घड्याळ टांगले, चावी दिली, लंबकाला बोट लावले.

"लंगडतंय," बाई म्हणाल्या.

त्याने कान दिला. त्याला ते सरळ वाटत होते.

"एक पाऊल लांब टाकतंय, एक आखूड. डावीकडे घे जरा. एवढं नको. परत. हं, आता राहू दे."

लंबकाची दोन्ही पावले सारखी पडू लागली. बाई पलंगाच्या काठावर बसल्या. घड्याळजी जायचे म्हणून उभा होता, जाईना. खिडकीतला उजेड करडा होत आला होता. मग घड्याळाने सात टोले दिले. बाईंनी ते बोटांवर मोजले नाहीत. सातवा विरेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या आणि मग हात चाचपत उठल्या, कोनाड्यातली औषधाची पुडी काढली, पाण्याचा तांब्या ओढला.

"जा आता," त्या म्हणाल्या. "तुझी आत्या दुकानात खोळंबली असेल."

बाईंना त्यांचे तास न मागता मिळत राहोत, आणि रात्री जाग आली तर अंधारातही एखादा टोला त्यांच्या सोबतीला असो. घड्याळजीच्या हाताला जी गती आहे ती त्याच्या वचनालाही लाभो. ती हळूहळू लाभली तरी चालेल. आत्याच्या ओसरीवर येजा कधी थांबू नये. आणि चौदा नंबरच्या खुंटीवरच्या त्या नांगी नसलेल्या कुटुंबाला फुले जवळ मिळोत, वारा बेताचा मिळो, आणि दिवस मावळताना आपले दार उघडे सापडो.